क्लिकबाईंचा उजवा हात

मावशी रोज सकाळी माऊस गरम करायची.

शाळा भरायच्या आधी ती कॉम्प्युटरच्या खोलीत जायची, मॉनिटरवरच्या खोळी काढून त्यांच्या घड्या घालायची, आणि मग एकेका टेबलाशी थांबून तिथला माऊस दोन्ही तळव्यांमध्ये धरून ठेवायची. थंडीत प्लॅस्टिक रात्रभरात गारठून जाई. गार माऊसवर लहान मुलं अख्खा हात टेकवत नाहीत, नुसतं चिमटीत धरतात, आणि चिमटीत धरलेला माऊस क्लिक करताना हमखास निसटतो, असं तिचं म्हणणं होतं. उन्हाळा आला तरी ही सवय सुटायची नाही.

शिपाईकाका दाराला झाडू टेकवून बघत राहायचे.

“काय बाई, अंडी उबवताय?”

“मधल्या सुट्टीपर्यंत पिल्लं निघतील बघा.”

हे दोघांचं ठरलेलं बोलणं. रोज तेच, आणि रोज दोघंही पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आमच्याच घरात, मागच्या खोलीत राहायची. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की “राहून गेलं” म्हणायची, दातांच्या डॉक्टरांकडे जायचं राहून जावं तितक्या सहज. तरुणपणी ती एका कचेरीत टायपिस्ट होती. कागदावरची नजर न हलवता तिची बोटं अशी चालत, की शेजारच्या टेबलांवरची माणसं हातातलं काम सोडून ऐकत बसत, असं आई सांगते. पुढे कचेरीतले टाइपरायटर भंगारात गेले आणि त्यांच्या मागोमाग मावशी घरी बसली. त्याच सुमाराला जवळच्या शाळेत कॉम्प्युटर आले होते आणि त्यांना हात लावायला सगळे शिक्षक घाबरत होते. मावशीलाही त्यातलं फारसं काही येत नव्हतं. पण शाळेच्या मुख्याध्यापिकांनी, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, मावशीची बोटं पाहिली आणि पहिली ते सातवीचे वर्ग तिच्या हवाली केले. पहिलं वर्षभर ती मुलांच्या जेमतेम एक धडा पुढे असायची. मग ती खोली तिची झाली. पोरांनी तिचं नाव ठेवलं क्लिकबाई.

मोठ्या मुलांना ती टायपिंग शिकवायची, तक्ते आखायला शिकवायची, केलेलं काम जपून ठेवायला शिकवायची. पण तिचा जीव होता पहिलीच्या वर्गात. क्लिक करणंसुद्धा शिकावं लागतं, हे मोठी माणसं विसरून गेलेली असतात. लहान मुलाचं बोट खाली जातं तेव्हा त्याच्याबरोबर मनगट जातं, खांदा जातो, जीभ ओठांतून बाहेर येते. माऊस सरकतो, आणि उघडायचं ते उघडण्याऐवजी पडद्यावरचं चित्र कुठल्या कुठे ओढलं जातं.

“बाई, माझं घर पळालं!”

मग मावशी त्या खुर्चीमागे जाऊन वाकायची आणि आपला उजवा हात मुलाच्या हातावर ठेवायची.

“हात दगड, बोट पाखरू. दगड हलतो का?”

“नाही!”

“आणि पाखरू दाणा कसं टिपतं?”

“टुकटुक!”

“हां. मग टिपू दे त्याला. दार ठोठावल्यासारखं काय करतोस? शेजारच्या वर्गातून कुणीतरी ‘आत या’ म्हणेल.”

दाबायचं मात्र मुलानेच. तिचा हात नुसता वर असायचा. खालचा छोटा हात शांत झाला की ते तळव्याला कळतं, ती सांगायची, आणि ते कळलं की आपण हात काढून घ्यायचा. मीही अशीच शिकले. त्या तळव्याचा कोरडा, उबदार भार अजून माझ्या हातावर आहे.

थरथर आधी आईला दिसली. मावशी खिडकीशी पेपर वाचत बसली होती. उजवा हात मांडीवर पडलेला, आणि त्याचा अंगठा शेजारच्या बोटावर सारखा घासत होता, चिमटीत एखादी बारीक गोळी वळत असावी तसा.

“काय वळतेयस गं?” आईने विचारलं.

मावशीने खाली पाहिलं. दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्या मांडीवर राहून गेलाय, अशा नजरेने पाहिलं.

“काही नाही. लागलीये सवय.”

सवय नव्हती. कंपवात होता. डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं. हात कामात असेल तोवर थरथर कमी राहील, स्वस्थ ठेवलात की वाढेल. गोळ्यांनी काही काळ आवरेल. पुढे हळूहळू बाकीचं शरीरही आखडत जाईल, आवाजही बारीक होत जाईल. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “आणि कुणाच्या हातावर नुसता ठेवला तर?”

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. आईला कळला.

परतताना बसमध्ये मावशी म्हणाली, “शाळेत कळता कामा नये, ताई. कळलं तर वर्ग काढून घेतील.”

“अगं, पण लपवणार किती दिवस?”

“लपतील तेवढे दिवस. मला दुसरं काय येतं सांग?”

आईने बरीच वर्षं तिला चिडवून, रागावून, समजावून वाढवलं होतं. त्या प्रश्नावर मात्र तिने पर्स उघडून तिकिटाचे पैसे काढले.

मग मावशीने शाळेतला एक जुना माऊस घरी आणला आणि रोज जेवणाआधी टेबलावर ठेवून डाव्या हाताला सराव द्यायला लागली. आमच्याकडे तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. माऊसची वायर टेबलावरून नुसती लोंबत असायची.

“आता जेवायच्या टेबलावर उंदीर आणलास?” बाबा म्हणाले. “तोही शेपटीसकट?”

“ताटातलं काही खात नाही तो, भाऊजी. तुमच्यापेक्षा बरा.”

आम्ही हसलो. ती हसत हसत डाव्या हाताच्या बोटाने टुकटुक करत राहिली. तिचा उजवा हात टेबलाखाली होता.

गोळ्यांवर एक वर्ष निभावलं. पुढच्या वर्षी पहिलीत नवी मुलं आली, आणि मावशीने त्यातल्या एका मुलाच्या हातावर पहिल्यांदा हात ठेवला तेव्हा पडद्यावरचा बाण थरथरायला लागला. मुलाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“बाई, बाण कुडकुडतोय.”

वर्ग हसला. मावशी म्हणाली, “कॉम्प्युटर झोपलाय ना, त्याला आधी हलवून उठवायचं. तुला नाही का आई उठवत?”

हे अगदीच खोटं नव्हतं. बराच वेळ कुणी हात लावला नाही की पडदा काळा होतो आणि माऊस हलवला की जागा होतो, हे मुलांनी पाहिलेलं होतं. तेवढ्यात मावशीने मनगट आवळलं, थरथर थांबली, आणि ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, “उठला. आता दगड.”

तेव्हापासून पहिलीच्या वर्गात क्लिकच्या आधी एक पायरी वाढली. हलवायचं, दगड व्हायचं, मग टिपायचं. मुलांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. बाईंचा हात येतो, बाण कुडकुडतो, मग थांबतो. ते सगळं मिळून क्लिक.

त्या वर्गात एक डावखुरी मुलगी होती. बडबडी, समोरचे दोन दात पडलेली. मावशीने तिचा माऊस डावीकडे लावून दिला होता आणि तिच्या हातावर ती आपला डावा हात ठेवायची. डाव्या हातात अजून काही शिरलं नव्हतं, पण बाकीच्यांच्या उजव्या हातांवर तो नीट बसत नसे. त्या एका टेबलाशी मावशी सगळ्यात जास्त रेंगाळायची. बाकीची मुलं कुरकुरत.

“बाई, ती तुमची लाडकी आहे ना?”

“सगळेच लाडके. पुढे बघा.”

ती तिथे का थांबते ते मुलांना कळणं शक्य नव्हतं. त्या टेबलाशी ती अजून पूर्वीची क्लिकबाई होती.

वर्ष संपत आलं तेव्हा शाळेची तपासणी झाली. हे सगळं मला पुढे शिपाईकाकांनी सांगितलं. ते पाण्याचे ग्लास घेऊन दारात उभे होते. तपासणीला आलेले साहेब हसतमुख होते. मोठ्या बाईंनी त्यांना मुद्दाम पहिलीचा वर्ग दाखवायला आणलं, कारण एवढी लहान मुलं इतकी सफाईने कॉम्प्युटर वापरताना इतर शाळांत दिसत नसत.

“काल काढलेलं चित्र उघडा बरं,” साहेब म्हणाले.

मुलांनी माऊसवर हात ठेवले, आणि सगळ्यांचे हात एकदम थरथरले. तशीच बारीक, एका लयीची थरथर. मग सगळे हात थांबले आणि खोलीभर टुकटुक झालं.

साहेब हसले. “ही काय नवीन पद्धत?”

“पडदा जागा करायला हलवतात, साहेब,” मोठ्या बाई घाईने म्हणाल्या.

“पण पडदे तर जागेच आहेत. का रे, कशाला हलवता?”

“असंच करायचं असतं,” मुलं म्हणाली. “बाई असंच करतात.”

साहेबांचं लक्ष डावखुऱ्या मुलीकडे गेलं. तिचं चित्र केव्हाच उघडलं होतं.

“आणि तुझं कसं गं न हलवताच उघडलं?”

मुलगी उभी राहिली. कुणीतरी आपल्याला विचारलं याचा तिला आनंद झाला होता.

“माझ्या हातावर बाई डावा हात ठेवतात. तो नाही हलत. त्यांचा उजवाच हलतो.”

मावशीचा उजवा हात एका खुर्चीच्या पाठीवर होता. सगळ्यांनी एकदम तिकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. मावशीने हात लपवला नाही. “छान, छान,” म्हणत साहेब सातवीच्या वर्गाची चौकशी करायला लागले. मावशी त्या मुलीला म्हणाली, “बरोबर सांगितलंस. बस आता.”

संध्याकाळी मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी स्वतः उठून मावशीला खुर्ची दिली.

“मला आधी सांगायचंत हो.”

“सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?”

मोठ्या बाईंनी समोरची तपासणीची फाइल मिटली.

“पालक विचारतील. आपलं लेकरू काय शिकून येतंय, म्हणतील.”

“हो,” मावशी म्हणाली. “विचारणारच.”

नव्या वर्षी नवे सर आले. हुशार होते, मेहनती होते. त्यांनी भिंतीवर मोठा पडदा लावला आणि सगळ्या वर्गाला एकदम शिकवायला लागले. मुलांच्या हाताला हात लावायची त्यांना गरज पडत नसे. मागच्या वर्गाला लागलेली माऊस हलवायची खोड मोडायला त्यांचे बरेच महिने गेले. शेवटी मोडली. डावखुऱ्या मुलीला मोडायचं काहीच नव्हतं.

मावशीला ऑफिसात बसवलं. टपाल लावायचं, फोन घ्यायचे. सकाळी लवकर येऊन माऊस गरम करायला मात्र कुणी मनाई केली नाही, म्हणून ती ते करत राहिली. आता माऊस हातात धरला की तो टेबलाच्या कडेवर खडखडायचा. शिपाईकाकांनी दारात थांबणं सोडून दिलं. एकदा तीच म्हणाली, “आज विचारलं नाहीत?”

“काय बाई?”

“अंड्यांचं.”

शिपाईकाका झाडू घेऊन व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. मला हे सांगताना म्हणाले, “काय विचारणार होतो, तुम्हीच सांगा.”

पुढच्या थंडीत शाळेने बोटाने चालवायच्या पाट्या घेतल्या. माऊस एका खोक्यात भरून माळ्यावर गेले. मावशीने त्यानंतर राजीनामा दिला. घरी कुणी तिला कारण विचारलं नाही.

त्यानंतरची वर्षं मागच्या खोलीत गेली. आधी पाऊल अडखळायला लागलं, मग डावा हातही सुरू झाला. जुना माऊस तिने उशाशी ठेवला होता. एक दिवस तो दिसेनासा झाला. कुठे गेला, ते मी विचारलं नाही. आवाज इतका बारीक झाला की बोलणं ऐकायला ओठांजवळ कान न्यावा लागे. चिडवण्याची सवय मात्र तिने सोडली नाही. बाबा औषध घेऊन आले की ती पुटपुटायची, “आले, उंदीर पळवणारे.” बाबा तिच्यासमोर हसायचे आणि बाहेर येऊन बराच वेळ चष्मा पुसत बसायचे.

शेवटच्या दिवसांत तिला भरवायचं काम माझ्याकडे होतं. दुसऱ्याने भरवलेलं तिला आवडायचं नाही. चमचा स्वतःच्या हातात हवा असायचा. त्या संध्याकाळी आईने सूप केलं होतं. मावशीने चमचा धरला, तो वाटीवर वाजायला लागला, आणि सूप चादरीवर सांडलं. मी घाईने तिचा हात घट्ट पकडला.

“दाबू नकोस,” ती म्हणाली. “नुसता ठेव.”

मी तळवा सैल सोडला. तिच्या हातावर नुसता ठेवला. खाली तो थरथरत होता, बारीक, एका लयीत. मी वाट पाहिली. बऱ्याच वेळाने ती थरथर किंचित कमी झाली, ते माझ्या तळव्याला कळलं, आणि चमचा वर गेला. तिने सूप तोंडात धरलं, सावकाश गिळलं. दुसऱ्या सकाळपासून ती गुंगीतच होती, आणि चार दिवसांनी गेली. पण त्या संध्याकाळी तिने डोळ्यांनी मला जवळ बोलावलं. मी कान तिच्या ओठांपाशी नेला.

“मीठ कमी आहे,” ती म्हणाली. “आईला नको सांगूस.”