बारा वाजताचं ताट

सुनेचं, सुवर्णाचं, पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हापासून माझं देवाशी बिनसलं होतं. दिवा लावायचे, पण मनातून भांडायचे. सुवर्णाला दुसऱ्यांदा आठवा लागला तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. मुलगा खोपोलीला कारखान्यात, घरी आम्ही दोघीच. शेवटी दत्तमहाराजांना शरण गेले आणि सात दिवसांच्या पोथीला बसले. आमच्याकडे पोथी लागली की रोज दुपारी बाराला उंबऱ्यात ताट वाढून ठेवतात. महाराज त्या वेळी भिक्षेला फिरतात, कुठल्याही रूपात येतील, अशी श्रद्धा. मी भाकरी, पिठलं, भात वाढायचे आणि वाटेकडे डोळे लावून बसायचे.

आणि रोज बाराला कोण यावं? तर आमच्या गावची आशाताई, वैशाली. कशेळ्यापलीकडच्या वाड्या पायी फिरून आलेली, खांद्याला पिशवी, घामाने निथळत. "काकी, सुवर्णाचं प्रेशर बघून जाते." मी हातानेच तिला लांब करायचे. "नैवेद्याची वेळ हाय गं, मागनं ये. आठव्यात पाय सुजायचेच!" मागनं तिला दुसरी वाडी गाठायची असायची. मग दवाखान्यात तरी पाठवा म्हणायची, तर मी सुवर्णाला पोथी उठेपर्यंत घराबाहेर सोडत नव्हते. असं चार दिवस मी तिला परतवलं. केवढा माझा तोरा!

पाचव्या दिवशी सुवर्णाच्या हातातल्या बांगड्या रुतल्या. तोंडही भरल्यासारखं दिसत होतं. मला वाटलं, अंग धरलंय, महाराजांची कृपा! डोळ्यांपुढे काजवे चमकतात असं ती म्हणाली, तर मी तिला पडून राहा म्हटलं आणि वाचायला बसले. बाराला वैशाली आली. तिने दारातूनच सुवर्णाचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता ताट ओलांडून सरळ आत शिरली. मी पोथीवरून ओरडले, "अगं, ताट! बाटवलंस ना सगळं!" तिने लक्षच दिलं नाही. सुवर्णाच्या दंडाला पट्टा बांधला, मशीनचा आकडा पाहिला आणि माझ्याकडे वळली.

"काकी, पोथी देवाला पाठ हाय. तुमी उठा. आता नाय निघालो तर दोघंबी हातची जातील."

अध्याय अर्धा टाकून उठणं म्हणजे महापाप. पण सुवर्णाकडे पाहिलं आणि हात जोडून म्हटलं, महाराज, आता तुमचं तुम्ही बघा. आणि उठले. तोवर वैशालीने दवाखान्यात फोन लावला होता आणि रस्त्यावर आडवी उभी राहून कर्जतकडे जाणारी जीप थांबवली होती. वाटभर तिने सुवर्णाचा हात सोडला नाही.

दवाखान्यात सगळे तयारीतच होते. लगेच ऑपरेशन झालं. दिवस मावळायच्या आत आतून रडणं ऐकू आलं, असं खणखणीत की मी भिंतीला टेकून हसत रडले. मुलगी! आणि सुवर्णा शुद्धीवर! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. वैशाली बाकावर डोळे मिटून बसली होती. तिला विचारलं, "जेवलीस का गं?" म्हणाली, "कुठं काकी, सकाळी चहा घेतला तेवढाच." पाच दिवस मी ताट वाढून वाट बघत होते, आणि ही उपाशी माझ्या दारात उभी होती.

महिन्याने मायलेकी घरी आल्या. मी पोथी पुन्हा पहिल्या पानापासून लावली. या वेळी मागणं काहीच नव्हतं, आभारच होते. मी धरून बसले होते तोवर सगळं अडलं होतं, सोडलं आणि महाराजांनी सांभाळलं, एवढंच मला कळतं.

सातव्या दिवशी बाराला वैशाली बाळाचं वजन करायला आली आणि सवयीने ओट्याखालीच थांबली. मी हाताला धरून तिला आत आणलं, पाटावर बसवलं आणि उंबऱ्यातलं ताट उचलून तिच्यापुढे ठेवलं. ती बावरली. "काकी, आधी नैवेद्य तर होऊ द्या!"

"होतोय गं," मी म्हटलं. "जेव तू."