ओल्या कागदावरचा निळा

शिपाई अंगठ्याच्या पेराहून जरासा उंच. राखाडी प्लॅस्टिकचा, पायाखाली गोल चकती. असे चाळीस शिपाई एका खोक्यात होते आणि खोकं माझ्या मुलीचं होतं. इंजिनिअरिंगला असताना तिला आणि तिच्या मैत्रिणींना टेबलावर अशी छोटी सैन्यं मांडून खेळायचं वेड लागलं होतं. तो खेळ मला शेवटपर्यंत कळला नाही. मार्चमध्ये ती नोकरीसाठी बंगळूरला गेली. जायच्या आदल्या दिवशी तिने सगळे शिपाई जेवणाच्या टेबलावर ओतले आणि मोजून दोन भाग केले.

"वीस तुझे, वीस माझे. तू इथे रंगव, मी तिथे रंगवते. दिवाळीला आले की एकत्र मांडू."

"मला जमेल का?"

"बाबा, तीस वर्षं लोकांच्या बातम्या दुरुस्त केल्यास तू. एक पट्टा रंगवता येणार नाही?"

अट एकच होती. चाळीसही अंगरखे एका निळ्याचे दिसायला हवेत. एका पलटणीत दोन निळे चालत नाहीत, असं तिचं म्हणणं. तिने तो निळा मला मिसळून दाखवला: गडद निळ्याचे तीन थेंब, आकाशीचा एक, आणि तपकिरी सुईच्या टोकाला लागेल एवढाच. मी ते वहीत उतरवून घेतलं. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "वेळ पण लिही, वार पण लिही. उद्या कोर्टात लागेल." मी वेळ आणि वार आधीच लिहिला होता.

तिची आई ती आठवीत असताना गेली. त्यानंतर या घरात दोनच माणसं होती. मार्चपासून एक.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीमागे कापड विणणाऱ्या लूमची शेड आहे. लूमचा आवाज आम्हाला ऐकू येत नाही. तो बंद झाला की ऐकू येतो. शेडमधून उडणारी रुई खिडकीच्या जाळीवर साचते आणि जाळीतून जी आत येते ती ओल्या रंगावर बसते. पहिल्या शिपायाच्या गालाला असा एक तंतू चिकटला. मी तो चिमट्याने ओढला, तर गालच निघून आला. नंतर मी बारीक काम शुक्रवारी करायला लागलो. त्या दिवशी लूम बंद असतात.

दुसरी अडचण पंख्याची होती. पंखा लावला की थेंब थेंब काढलेला रंग पाच मिनिटांत वाळून त्यावर साय धरायची. पंखा बंद केला तर घाम कपाळावरून शिपायावर पडायचा. मी फोन करून तिला हे सांगितलं.

"वेट पॅलेट कर ना मग," ती म्हणाली. "झाकणाचा चपटा डबा घे. तळाला स्पंज, स्पंज पाण्याने भिजव, त्यावर बटर पेपर. पेपरवर रंग काढायचा. खालून ओल मिळत राहते, रंग वाळत नाही. झाकण लावलंस तर चार-पाच दिवस आरामात टिकतो."

"माठासारखं."

"हां, माठासारखं. पण पाणी बेतानं. स्पंज दाबल्यावर कडेला पाणी दिसलं पाहिजे, पेपर तरंगता कामा नये."

पहिला कागद चुकला. स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला कागद मेणाचा निघाला. त्यातून पाणी वर येईना. दुसरा बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणला, तो बरोबर होता. कोमट पाण्यात भिजवून, पसरून, मधल्या हवेचे फुगे बोटाने कडेला सारायचे. कागद सपाट बसला की पाण्यामुळे काळसर दिसतो. त्यावर रंगाचा थेंब ठेवला की तो पसरत नाही, वाळतही नाही, ताकासारखा सैल राहतो. सकाळी मिसळलेला निळा दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच मिळाला, तेव्हा मी झाकण दोनदा उघडून पाहिलं.

डबा मिठाईचा होता. स्पंज मात्र मी घेतला नाही. भिवंडीत स्पंज विकत आणावा लागतो, कोरं कापड घरात पडलेलं असतं. शेजारच्या लूमवाल्याने कधीतरी दिलेला ताग्याचा तुकडा कपाटात होता. त्याच्या चार घड्या डब्यात बरोबर बसल्या. पाणीही भरपूर धरून ठेवलं. मी तिला हे कळवलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही वाटलं नाही.

सकाळी दहा ते बारा, अशी वेळ ठरली. आधी त्या वेळेत मी पेपर वाचायचो, आणि पेपर वाचणं म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढणं. आता पेपर साडेनऊला मिटायचा. एका शिपायाला पाच दिवस लागायचे. अंगरख्याचा निळा पातळ करून तीन हात द्यायचे, प्रत्येक हातानंतर थांबायचं. त्या थांबण्यात करण्यासारखं काही नसतं. मी वहीत नोंदी करायचो. कितवा शिपाई, कितवा हात, निळा कोणत्या दिवशी मिसळला.

रविवारी तिचा फोन यायचा. एप्रिलमध्ये दर रविवारी. मेमध्ये दोनदा. पुढे मीच करायला लागलो.

"किती झाले?"

"सहा."

"वा! माझ्यापेक्षा फास्ट आहेस."

"सात झाले."

"भारी. बाबा, मी बाहेर आहे, नंतर करते हं."

तिचे किती झाले हे मी विचारलं नाही. पावसाळाभर विचारलं नाही. पेपरात असताना बातमी एकाच बाजूने आली तर मी ती बाजूला ठेवायचो आणि बातमीदाराला परत फोन करायला लावायचो. इथे तसा फोन माझ्या हातात होता. तो मी केला नाही. उत्तराचा थोडा अंदाज होता म्हणून केला नाही, हे आता लिहिता येतं.

सप्टेंबरमध्ये अकरा शिपाई पूर्ण झाले. उरलेल्या नऊ जणांचा निळा एकदम मिसळायचं मी ठरवलं, म्हणजे छटा बदलायचा प्रश्नच नको. मोठा थेंब केला, झाकण लावलं, डबा फ्रीजमध्ये ठेवला. मध्ये तीन दिवस तापाने पडून होतो. चौथ्या दिवशी सकाळी स्वयंपाकाच्या ताईंनी फ्रीज उघडला. त्या जवळच्या दिघाशी गावाहून येतात. आमच्याकडे लागण्याआधी लूमवर कांडी भरायचं, म्हणजे कांडीवर सूत गुंडाळायचं, काम करत होत्या.

"दादा, ह्यो तुमचा डबा कुजलाय."

"रंग आहे तो, ताई."

"रंग असंल नायतर खीर असंल, कुजलाय तो कुजलाय. वास बघा."

मी झाकण काढलं. शिळ्या पेजेचा वास आला. कागदाच्या कडेने करडी लव उगवली होती आणि निळ्यावर दुधासारखा पातळ पापुद्रा आला होता. ताईंनी कागदाचा कोपरा उचलून खालचं कापड दोन बोटांत चोळलं.

"कोरं कापड घातलं व्हय यात? धुतलं न्हाय?"

"कोरंच तर आहे. स्वच्छ होतं."

"अवो, कोऱ्याला खळ आसते! सूत तुटू नये म्हणून लावतात ती. पीठच हाय ते. भिजवून ठेवलं तर आंबणार न्हाय तर काय करणार? उकळून घ्याचं आधी." मग त्या हसल्या. "भिवंडीत जन्म गेला तुमचा, दादा, आन् कापड कळलं न्हाय."

आधीच्या कापडांना वास कसा आला नव्हता, याचाही उलगडा झाला. दर दोन दिवसांनी मी सगळं बदलत होतो. या वेळी पहिल्यांदाच ते चार दिवस तसंच राहिलं होतं.

ताईंनी कापड उकळून दिलं. मी वही काढून निळा पुन्हा मिसळला. तीन, एक, सुईचं टोक. तो जुळला नाही. तपकिरीची बाटली नवी होती, तिच्यात लाली जास्त होती. खिडकीपाशी उजेडात अकराव्या शिपायाशेजारी धरला तर नवा निळा जांभळ्याकडे झुकलेला दिसत होता. मी आकाशी वाढवून पाहिला, मग तपकिरी टाळून पाहिला. दुपारपर्यंत कागदावर सात निळे झाले. माझेच अकराजण मूळ निळ्याशी किती जुळत होते, याचीही आता खात्री वाटेना. मूळ निळा तिच्याकडे होता. तिच्या शिपायाचा उजेडातला एक फोटो हवा होता.

मी फोन केला. रविवार नव्हता. तिने लगेच उचलला.

"बरा आहेस ना?"

"बरा आहे. निळा बिघडला. तुझ्या एका शिपायाचा फोटो पाठव. उन्हात ठेवून काढ, ट्यूबखाली नको."

मागे कोणीतरी हसत होतं, मग दार लागल्याचा आवाज आला आणि हसणं बंद झालं.

"बाबा, माझ्याकडे नाहीयेत ते."

"म्हणजे?"

"मेमध्ये घर बदललं ना मी, तेव्हा देऊन टाकले. ऑफिसमध्ये एक जण खेळतो, त्याला. माझे तीनच झाले होते. वेळच मिळत नव्हता."

"बरं."

"सांगणार होते तुला. पण तू दर वेळी आकडा सांगायचास. सहा झाले, सात झाले. मग मला सांगताच येईना."

"बरं."

"बरं बरं काय करतोयस? चिडलास ना?"

"नाही. त्याने निळाच ठेवलाय का?"

"कोणी?"

"ज्याला दिलेस त्याने."

"मला नाही माहीत, बाबा. त्याने पुसून दुसरा दिला असेल." मग ती म्हणाली, "दिवाळीला बघते मी. रजेचं अजून काही नक्की नाही."

फोन ठेवल्यावर मी वहीत वेळ लिहिली. पुढे काय लिहायचं ते सुचलं नाही, म्हणून तेवढीच राहिली.

नऊ शिपाई आठवडाभर राखाडी उभे होते. ताईंनी त्यांच्यावरची रुई फुंकरीने उडवली आणि विचारलं, "हे उघडेच ठेवायचे का?" मी बघतो म्हणालो.

शुक्रवारी डब्यात उकळलेलं कापड घातलं, पाणी ओतलं, नवा कागद पसरला. तो सपाट बसेपर्यंत वाट पाहिली. निळ्याच्या बाटल्यांकडे हात गेला आणि तिथेच थांबला. जुळवायचं कोणाशी हे आता कोणी सांगणार नव्हतं. कोपऱ्यात तिने सोडून दिलेली हिरव्याची बाटली होती. त्यातला एक थेंब काढला, त्यात काही मिसळलं नाही, वहीही उघडली नाही. बाराव्याला हिरवा अंगरखा दिला. पुढच्या महिनाभरात बाकीच्या आठांनाही तोच दिला. थेंब मोजायचं काम नसल्यामुळे ते लवकर झाले.

दिवाळीला ती आली नाही. मी वीसही शिपाई जेवणाच्या टेबलावर दोन रांगांत मांडले आणि सकाळच्या उजेडात फोटो काढून तिला पाठवला. दुपारी तिचा मेसेज आला.

"सही दिसतायत! पण हे नऊ हिरवे का?"

मी लिहिलं, "निळा संपला."

ते खरं नव्हतं. तिन्ही बाटल्या टेबलावर समोरच होत्या. मी मेसेज पुन्हा वाचला, खोडला नाही, पाठवून दिला. मग शिपाई उचलायला घेतले, कारण जेवायची वेळ झाली होती. एका माणसाला टेबलाचा एक कोपरा पुरतो हे लक्षात आलं, तेव्हा उरलेले तसेच राहू दिले.