तेरवी झाल्यावर कळलेली बातमी

माही नात मेली, हे मले तिची तेरवी उरकल्यावर कळलं.

घरच्यायनं वर्षश्राद्ध मागंच केलं. माहं आज आहे; मले कळलं त्याले आज वर्ष झालं.

पल्लवी. माह्या रामदासची एकुलती पोरगी. मी तिसरी शिकलेली, मोबाईलवरचं हे खातं तिनंच उघडून देलं. बोललं की अक्षरं उमटते, तेबी तिनंच दाखवलं.

बंगलोरले नोकरी होती. आभाळात मशीन फिरते, त्यात लांबून आलेली गॅमा किरणांची चमक सापडली की मोजायची. हवा तिले खाली येऊ देत नाही, म्हणून मशीन वर. पापणी लवली की चमक संपली.

"मंग खरी का खोटी, कसं कळते वं?"

"सूर्यबी फसवते, आजी. मशीनबी फसवते. दुसऱ्या मशीनलेबी तीच दिसली, तर खरी."

"म्हणजे तूरच निवडून राह्यली तू. एवढं शिकून!"

"हो. पण पगार बरा आहे."

एकदा लई खूश होती. दोन मेलेले तारे एकमेकावर आदळले म्हणे. तवा माणूसच नव्हता जगात.

"अन् सांगायले आज आले?"

"रस्ताच तेवढा लांब, आजी. चमक निंगाली तशी चालत राह्यली. कुठं बसली नाही."

डेंग्यूनं गेली. तिथंच जाळली.

लेक-सून मले "लग्नाले जातो" सांगून गेले होते. तेरवीबी वाशिमले, सुनेच्या माहेरी.

बंगलोरहून आमच्या मेडशीले फोन लागायले किती वेळ लागते? माह्या लेकानं बातमी दाराशीच बसवून ठेवली.

मी रोज विचारो, "पोरीचा फोन काहून नाही?"

"ड्युटी लागली, माय. रेंज नाही तिथं."

साऱ्या गावाले माहीत. शेजारीण चहाले येईना, मले वाटलं रुसली.

शेवटी सांगतलं, तवा म्हणते, "तुहा बीपी, माय. तुले सोसलं नसतं."

तुह्या बापाले शेवटचं पाणी म्या पाजलं. मले काय सोसते, हे तू ठरवतं?

पोरीचं तोंड पाहू देलं नाही.

वर्षभर भाकर वाढली त्याले. बोलली नाही.

काल सून म्हणे, त्या दिवसांत तो वावरात जाऊन रडे. तोंड धुवून घरी येई, अन् माह्या समोर बसून जेवे.

रामदास, गाढवा. दोघं मिळून रडलो असतो.

आज लवकर घरी ये. बोलू.

पल्लवे, तुह्या बापाले मी पाहीन.

तू जाय आता.