मामांनी झोपून पाहिलेली घरं

आडवं पडल्याशिवाय जगातली कुठलीही गोष्ट कळत नाही, असं मानणारा माणूस पृथ्वीवर एकच आहे आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला, याला माझं नशीब म्हणायचं. उमेदीची सगळी वर्षं बोटीवरच्या नोकरीत घालवून हे गृहस्थ मालगुंडला स्थिरावले, पण चटई आणि उशी पिशवीत घातल्याशिवाय अजूनही कुठे जात नाहीत. रत्नागिरीच्या बाजारात सोफा घ्यायला गेले, तेव्हा दुकानातच असे घोरले की गिऱ्हाइकं बिचकू नयेत म्हणून दुकानदाराने अर्धं शटर ओढून घेतलं. माझं स्थळ बघायला आले, तेव्हा मला शिक्षण विचारलं नाही की नोकरी विचारली नाही. जेवले आणि आमच्या माजघरात ताणून दिली. चार वाजता उठून म्हणाले, "मुलगा पसंत आहे. पंखा कुरकुरतो, पण माणसं कुरकुरत नाहीत." आमचं लग्न ठरलं ते असं.

मुलगी सहा महिन्यांची झाली आणि भाड्याची खोली पुरेनाशी झाली, तेव्हा मामांना बोलावणं ओघानेच आलं. आमच्या ऐपतीत दोनच घरं बसत होती. एक रत्नागिरी शहरातच, नाचणे भागात, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दुसरं पावसच्या रस्त्याला, आत वाडीत, चिऱ्याचं कौलारू घर. पुढे पडवी, मागे विहीर आणि हापूसची दोन कलमं. रविवारपर्यंत कुठलंतरी एक सांगायचं होतं. मी मनातल्या मनात त्या कलमांचे आंबे वाटूनही टाकले होते. बायकोला, मानसीला, विचारलं, तर ती म्हणाली, "तुला आवडेल ते घेऊ." झालं, मी खूश!

शनिवारी फ्लॅट. रिकाम्या हॉलमध्ये मामांनी चटई अंथरली, डोळे मिटले आणि शेजारी कुकर ओरडला. मग बेल. शेजारच्या काकू: "पाणी हवंय का हो?" पाच मिनिटांनी पुन्हा त्याच: "राहायला येणार का तुम्ही? बाळ केवढं आहे?" तिसऱ्यांदा तर आंबोळ्याच घेऊन आल्या. मामांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. फ्लॅट नापास! मी आनंदाने दोन आंबोळ्या जास्त खाल्ल्या.

रविवारी वाडीतलं घर. मामा दीड वाजता आडवे झाले ते थेट साडेचारला उठले. बघा, म्हटलं, याला म्हणतात घर! मानसी पडवीत मुलीला मांडीवर घेऊन रस्त्याकडे बघत बसली होती.

"किती वेळ झोपलो गो?" मामांनी तिला विचारलं.

"तीन तास."

"कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

मामांनी चटई गुंडाळली. "जावईबापू, फ्लॅट घ्या."

मी उखडलोच. "अहो, झोप तर इथे लागली ना तुम्हाला?"

"मला लागली. राहायचं तिला आहे. तुम्ही आठवड्यातले चार दिवस औषधांची बॅग घेऊन चिपळूण-खेडला." मग चटई पिशवीत घालत म्हणाले, "मी नऊ-नऊ महिने बोटीवर असायचो. तुमची मामी असल्याच घरात एकटी. सुट्टीवर आलो की म्हणायचो, काय शांत आहे गो इथे! मी परत निघालो की ती फक्त रेडिओचे जास्तीचे सेल आणून ठेवायला सांगायची. मला आपलं वाटायचं, हिला गाण्यांचं वेड."

मी मानसीकडे पाहिलं. "मला फ्लॅटच आवडला होता," ती हळूच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही फ्लॅट घेतला. मामी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मामा मालगुंडला एकटेच असतात. महिन्यातून एकदा आमच्याकडे येतात, शेजारच्या काकूंशी माशांवरून वाद घालतात आणि दोन दिवसांनी जायची घाई करतात. परवा त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. मालगुंडची गाडी लागली, भरली आणि सुटली. मामा पिशवी मांडीवर घेऊन बाकावर तसेच बसून राहिले.

"मामा, गाडी गेली."

"गेली काय?" ते म्हणाले. "दुसरी असेल हो."

मी त्यांची पिशवी घेतली. "दुसरी परवा आहे," म्हटलं, "चला घरी."

एका शब्दाने वाद न घालता मामा उठले.