कमळामावशीचा माझ्या वजनांवर संशय

माझ्या जिमची वजनं खोटी आहेत, असं आमच्या कोन गावात आजवर एकाच माणसानं म्हटलंय. ती बाई साडीत व्यायाम करते.

आमचे कापडाचे लूम बंद पडले तेव्हा त्या शेडमध्ये मी जिम काढली. सकाळी पोरं येतात, शर्ट वर करून आरशात पोट बघतात आणि जातात. त्यानंतर शेड रिकामी असते. एक दिवस अशा रिकाम्या वेळेला बौद्धवाडीतली कमळाबाई दारात चपला काढून आत आली. देवळात आल्यासारखी इकडंतिकडं बघत म्हणाली, "भूपेश, मला ताकद पायजे. किती दिवसांत मिळंल?"

मी म्हटलं, "मावशी, वजन कमी करायचंय का?"

"ते केलं. त्यातच सगळा घोळ झाला."

घोळ असा होता. मावशीचे गुडघे दुखायचे, म्हणून डॉक्टरनं वजन उतरवायला सांगितलं. हट्टी बाई. भात सोडला, भाकरी अर्ध्यावर आणली आणि खरंच बारीक झाली. गुडघे बरे झाले, पण चरबीबरोबर दंडातली ताकदही गेली. आणि तिच्या घरात उचलायला माणूस होता. तिचा नवरा राघोकाका. ट्रान्सपोर्टला माथाडी होता, उभा जन्म कापडाच्या गाठी वाहिल्या. तीन वर्षांमागं अर्धांगवायूनं डावी बाजू गेली. तेव्हापासून खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर त्याला मावशीच न्यायची. बारीक झाल्यावर एका सकाळी तिचे हात सुटले आणि दोघंही जमिनीवर. दुपारपर्यंत तशीच पडून होती. शेजारीण मीठ मागायला आली म्हणून सुटली.

त्यांचा मुलगा मिथुन दापोड्याला गोडाऊनमध्ये सुपरवायझर. बारा तासांची ड्युटी. पोरगा वाईट नाही, पण घाबरला. कल्याणला अशा माणसांना ठेवून घेणारं एक सेंटर आहे, ते तो बघून आला. मावशीनं त्याच्याकडं पावसाळा संपेपर्यंतची मुदत मागितली. तोवर तिला उचलायला जमलं तर म्हातारा घरी, नाहीतर कल्याणला.

राघोकाका यावर काय म्हणाला, असं मी विचारलं.

"काय म्हणंल? बाप हाय, पोराच्या तोंडाकडं बघत बसला."

मी मावशीला सोप्यापासून सुरू केलं. बाकावर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. मग ते कुलुपासारखं दिसणारं वजन दोन्ही हातांनी जमिनीवरून उचलायचं. पदर खोचून ती असा काही जोर लावायची की मला आधी वाटलं ही बाई तिथंच मरणार आणि माझं नाव पेपरात येणार. ती मेली नाही. पण प्रत्येक वेळी वजन खाली ठेवताना ती त्याला शिवी द्यायची. पोरांना मी शिव्या देऊ देत नाही. मावशीला कोण सांगणार?

जेवणाचंही सांगितलं. उपाशी राहून ताकद येत नाही. अंडी खा, डाळ खा, सुकट खा. ती म्हणाली, म्हातारा माझ्यावर खूश आहे, स्वतःच्या ताटातलं अंडंही मला देतो. त्याला म्हणे हल्ली अंड्याचा वास नको होतो. मी म्हटलं, बरंच झालं.

गणपती येऊन गेले. मावशीची प्लेटा लावलेल्या लोखंडी बारवर थोडी प्रगती झाली आणि मग गाडी अडकली. नवशिक्याचं होतं असं, पण ती ऐकेना. एक दिवस बार सोडून माझ्यासमोर उभी राहिली. "घरी म्हाताऱ्याला मी पिशवीसारखं उचलते. दमसुद्धा लागत न्हाय. मग तुझं हे एवढंसं लोखंड जड का जातंय? ह्याच्यावर लिवलंय त्यापेक्षा ते जास्त हाय."

मला राग आला. माणसानं माझ्या शरीरावर बोलावं, पोटही सुटलंय थोडं, पण वजनांवर बोलू नये. ती मी कर्ज काढून घेतली आहेत. मी दोन प्लेटा काखेत मारल्या आणि नाक्यावर वाण्याकडं निघालो. मावशी मागून. वाटेत दोघांनी विचारलं, जिम बंद केली का? वाण्यानं साखरेचं पोतं काट्यावरून उतरवून प्लेटा चढवल्या. लिहिलं होतं तेवढंच भरलं.

"बघा," मी म्हटलं. "आता बोला."

मावशी काट्याकडं बघत राहिली. मी जिंकलो होतो, पण तिनं भांडणच सोडून दिलं, त्यामुळं मजा आली नाही. हळूच म्हणाली, "लोखंड बरोबर हाय. मग म्हातारा किती हाय?"

रविवारी मिथुनची सुट्टी. त्यानं राघोकाकाला व्हीलचेअरवर जिममध्ये आणलं. जिममधला वजनकाटा लहान, दोन पावलांपुरता, त्यावर खुर्ची मावत नाही. मिथुन म्हणाला, मी धरतो त्यांना. मावशी म्हणाली, "रोज मी उचलते, आज पण मीच." आधी ती एकटी चढली. चौसष्ट. मग तिनं काकाचा चांगला हात स्वतःच्या गळ्यात टाकला, कमरेला मिठी मारली आणि त्याला उचलून काट्यावर उभी राहिली. काकाचे पाय हवेत. आकडा थांबला. एकशे दहा.

मी मनात वजाबाकी केली. शेहेचाळीस. मिथुननंही केली असणार, कारण तो एकदम म्हणाला, "उन्हाळ्यात दवाखान्यात बाबा बासष्ट भरले होते."

सोळा किलो गेले होते. लुंगी आणि सैल सदऱ्यात कुणाला कळलं नव्हतं. आम्ही सगळे इतके दिवस मावशीच्या दंडाकडं बघत होतो.

मावशी खाली उतरली नाही. काकाचं तोंड तिच्या खांद्यावर होतं, तिथूनच तिनं विचारलं, "जेवण कुठं टाकत होतास?"

काकाची जीभ अजून जड आहे. "कुत्र्याला. खिडकीतून."

"का?"

"तुला जड होत होतो." मग तो म्हणाला, "हलका झालो तर तुला झेपंल. मला तिकडं जायचं न्हाय गो."

ज्या पोराच्या तोंडाकडं बघत तो चार महिने गप्प बसला होता, तो पोरगा तीन फुटांवर उभा होता. मला तिथून निघून जावंसं वाटलं. पण शेड माझीच होती, जाणार कुठं?

मावशी भडकली. आयुष्यात एवढी भडकलेली बाई मी पाहिली नाही, आणि तीही नवऱ्याला उराशी धरून. "मी हिथं येऊन लोखंडाशी मरते, आन् तू तिकडं उपाशी मरतोस? माझ्या मेहनतीवर भरवसा न्हाय तुझा?" डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. "भूपेश, उद्यापासून सोळा किलो वाढव. ह्यो आता खाणार हाय."

एकदम सोळा किलो कुणी वाढवत नसतं. मी हो म्हटलं.

काका तिच्या मिठीतून खाली सरकायला लागला होता. मिथुन पुढं आला आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "आई, दे माझ्याकडं." तीन वर्षांत त्यानं बापाला खुर्चीतून ढकलत नेलं होतं, उचललं कधी नव्हतं. कसं धरायचं हेही त्याला ठाऊक नव्हतं. तो कमरेतून वाकला, तशी मावशी त्याच्यावर ओरडली.

"गुडघ्यात वाक मेल्या. पाठ सरळ ठेव. रोज उचलायचाय त्याला."