भिंतीला उलटा हात

सुमन वायरमन घरात आली की नमस्कार नाही, पाणी मागणं नाही. आधी भिंतीला उलटा हात लावायची, तापल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. आजही आवडत नाही.

वस्तीत तिचं फार कौतुक. नवरा गेल्यावर त्याचीच पिशवी खांद्याला लावून कामं करते म्हणे. असेल. पण तिनं मला शिकवायचं काम नव्हतं. मी चौथी शिकलेला, पण नरखेडकडे चाळीस वर्षं विहिरीवरची मोटर चालवली. फ्यूज उडाला की जाड तार पिळून घालायची, संत्र्याला पाणी सुरू. आता नागपुरातल्या घरात राहतो. कूलर, फ्रिज, पाण्याची मोटर, सुनेची विजेची शेगडी, सगळं एकाच जुन्या तारेवर. दर दुपारी फ्यूज उडायचा आणि माझी बायको सरस्वती घामानं भिजायची. लकव्यानं तिची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. कूलर बंद पडून कसं चालेल? मग इथंही तीच जाड तार घातली.

सुनेला ते धोक्याचं वाटलं, म्हणून तिनं सुमनला बोलावलं. सुमननं फ्यूज उपसला.

"हे कोनं घातलं जी?"

"मी. आता उडून दाखव म्हणा त्याले."

"फ्यूज नाही उडत, मंग भिंतीतली तार जळते, काकाजी. अन् त्याच भिंतीले काकूचा पलंग! हात लावून पाहा."

मी तळहात लावला. "थंडगार हाय."

"फावड्यानं मेला तुमचा तळहात. त्याले काय समजते? उलटा लावा."

सुनेसमोर म्हणाली हे!

"निघ वं इथून!"

तिनं गुमान बारीक तार घातली, पिशवी उचलली. जाताना सरस्वतीचा डावा हात धरून उलटा भिंतीला टेकवला. "तारही बोलत नाही काकू. तापली का ओळखा लागते."

ती फाटकाबाहेर गेली आणि मी पुन्हा जाड तार घातली.

तिसऱ्या दुपारी मोटर चालू, शेगडी चालू. सरस्वती पलंगावर गिलास आपटायला लागली. मी पाणी नेलं, तिनं तोंड फिरवलं. गिलास टाकून डावा हात भिंतीला लावला, उलटा. मी तळहात लावला. काही नाही. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मग मी हात उलटा केला. चटकाच बसला! धावत जाऊन मेन स्विच पाडला, पलंग ओढला. भिंतीतून जळक्या रबराचा वास येत होता.

सुमनलाच बोलवावं लागलं. तिनं भिंत फोडली, मोटर आणि शेगडीला वेगळी तार ओढली. निघताना माझी जाड तार माझ्याच हातात दिली. "गावाकडं न्या. संत्र्याची फांदी बांधाले कामी येईन."

मी माफी मागितली नाही. मागणारही नाही.

आता सुमन लेकीकडे वर्ध्याला राहते. नवा वायरमन येतो, वाकून नमस्कार करतो, चहा पितो, गोड बोलतो. भिंतीला काही हात लावत नाही. तो गेला की सरस्वती माझ्याकडे पाहते. मी उठतो आणि भिंतीला हात लावतो. उलटा.