काढलेलं सामान

यशवंतपूरचे गॅरेजवाले अण्णा सेकंडहँड गाडी बघायला गेले की आधी बॉनेट उघडत नाहीत. नवे भाग बसवताना गाडीतून काढलेलं जुनं, मूळचं सामान मागतात. निपाणीकडचे असल्यानं ते माझ्याशी कन्नड मिसळलेल्या मराठीत बोलतात. आमच्या घरातली पहिली गाडी घेताना मी त्यांनाच बरोबर नेलं.

मल्लेश्वरमच्या डीलरकडची लाल स्पोर्ट्स कार मला फार आवडली होती. रुंद चाकं, गरजणारा नवा सायलेन्सर.

"मूळचा सायलेन्सर कुठाय?" अण्णांनी विचारलं.

"भंगारात दिला," डीलर हसला.

"सरी, ठीक आहे." अण्णा वळलेच. "ज्यानं जुनं जपलं नाही, त्यानं गाडी पिदडलीच असणार. चला सर."

माझा चेहरा पडला.

"स्वल्प थांबा की," अण्णा मला म्हणाले. "जिलेबी आहे काय, गरम दिसली की उचलायला?"

येलहंक्याच्या डीलरनं मात्र तशाच एका गाडीच्या डिकीतून पोतं काढलं. सायलेन्सर, स्प्रिंगा, नटबोल्टसुद्धा वर्तमानपत्रात गुंडाळलेले. अण्णांनी एकेक पुडकं उघडून पाहिलं आणि मगच बॉनेटला हात लावला. तासाभरानं म्हणाले, "घ्या."

इंजिनिअरिंगची पदवी असून मला हे सुचलं नसतं. गाडी अजून उत्तम चालते. परवा मी स्टीअरिंग बदललं. जुनं पुसून, कागदात गुंडाळून पलंगाखाली ठेवलंय.